जागा सोडून वाजवणारे चौघे

परवा एका मित्राला मी हट्टानं एक जुना एलपी ऐकवला. त्याचा कान तयार आहे. मागच्या रांगेतल्या वादकाचा सूर जरा हलला तरी त्याला माझ्या आधी कळतं. तीन गाणी त्यानं डोळे मिटून ऐकली. चौथं सुरू झालं तसा हेडफोन काढला आणि म्हणाला, "झकास आहे रे. पण सगळी गाणी सारखीच वाटतात." त्यात खोडी नव्हती, तुच्छता तर अजिबात नव्हती. वाटलं ते तो बोलला आणि आम्ही दुसऱ्या गप्पांकडे वळलो. माझं मन मात्र तिथून हललं नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी ते वाक्य कानाशी होतं. ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण एका अर्थी त्याचं बरोबरच होतं. त्या एलपीवर जवळपास सगळीकडे तेच चौघे, गिटारचा आवाज तोच, लगबग तीच, आणि गाणं अडीच-तीन मिनिटांत आटपायची घाईही तीच. हे सगळं मला मान्य आहे, आणि तरीही तो एलपी मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. कंटाळा तर सोडाच, दर वेळी पहिल्या चार ठोक्यांत पाठीचा कणा ताठ होतो.

बँडचं नाव डॉक्टर फीलगुड. एलपी 'डाउन बाय द जेटी', जानेवारी १९७५.

त्या काळातलं इंग्लंडचं रॉक आठवून बघा. वीस-वीस मिनिटांच्या रचना, सिंथेसायझरच्या भिंती, मंचावर धूर, परीकथांमधून उचललेले शब्द. त्यातलंही पुष्कळ मला प्रिय आहे. पण अशा वेळी चार माणसं लग्नाला किंवा कोर्टात जावं तसे सूट घालून लंडनमधल्या पबांत उभी राहायची आणि पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल आणि त्याच्याही मागचं ब्लूज अशा काही त्वेषानं वाजवायची, की ते जुनं आहे हे ऐकणाऱ्याला आठवतच नसे. एलपी काढला तोही मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. स्टिरिओ घरोघरी रुळलेलं होतं, आणि यांचे चौघांचे आवाज एकाच बिंदूतून, एका मुठीसारखे बाहेर येत होते. कित्येकांना ती जुन्या काळाची हौस वाटली. मला ते कधीच हौसेचं वाटलं नाही. मोनोमध्ये लपायला कोपरा नसतो. गिटार डावीकडे सरकवून माउथ ऑर्गनला उजवीकडे मोकळी जागा करून देता येत नाही. प्रत्येकाला दुसऱ्यासाठी जागा सोडूनच वाजवावं लागतं.

त्या सोडलेल्या जागांनीच मला या बँडशी बांधून ठेवलंय. बँडचा गिटारवादक विल्को जॉन्सन, त्याचा उजवा हात बघा. १९७५ च्या नोव्हेंबरात साउथएंडच्या कुर्सालमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं चित्रण आहे, त्यात तो छान दिसतो. हातात पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, नाही. बोटं सैल, किंचित वळलेली, आणि मनगटापासून पुढे सगळा पंजा तारांवरून खाली-वर सपासप फिरतोय. खाली जाताना नखांच्या पाठी लागतात, वर येताना बोटांची टोकं. या एका हातानं तो ताल धरणारी गिटारही वाजवतो आणि सुरावट काढणारीही. दोन वादकांचं काम एकटा करतो, आणि तेही एकाआड एक नव्हे, एकात एक गुंफून. एक तुटक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला सुरांचा गुच्छ, लगेच दुसरी, आणि दोहोंच्या फटीतून तीन-चार सुरांची एक चपळ तान निसटते, की पुढची कॉर्ड आपल्या ठोक्यावर हजर. हे जुळतं ते डाव्या हातामुळे, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. कॉर्ड वाजली की डाव्या हाताची बोटं दाब काढून घेतात, पण तारांवरून उठत नाहीत. आवाज जागच्या जागी मरतो. कॉर्ड लांबत नाही, घुमत नाही, मागे शेपूट ठेवत नाही. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये खरीखुरी शांतता तयार होते, अगदी निमिषभराची. ड्रम ऐकू येतो तो त्या शांततेत, आणि गाणाऱ्याचा श्वासही. बहुतेक रॉक गिटारवादक आवाजानं जागा भरतात. विल्को ती मोकळी करत जातो.

ही पद्धत त्यानं आकाशातून आणली नव्हती. जॉनी किड अँड द पायरेट्स या जुन्या इंग्लिश बँडमधला गिटारवादक मिक ग्रीन हा त्याचा आदर्श. ग्रीनची गिटारही ताल आणि सूर एकट्यानं सांभाळायची, आणि पोरवयातला विल्को ती कानानं उचलू बघायचा. मूळचा तो डावखुरा, पण गिटार उजव्या हाताची शिकला. नक्कल करता करता जे हाती लागलं ते ग्रीनचं राहिलं नाही. मला वाटतं, संगीतात अस्सल म्हणून जे काही मिळतं त्यातलं बरंचसं असंच मिळतं. कुणावर तरी जीव जडतो, त्याच्यासारखं व्हायची धडपड होते, आणि आपल्या हातांची ठेवण वेगळी असल्यामुळे आपण भलतीकडेच पोचतो. पुढे लोकांना विल्को एवढा अद्भुत वाटला, पण त्यानं स्वतः ग्रीनचं नाव घ्यायला कधी काटकसर केली नाही.

हे चौघे ज्या जागेतून आले ती जागा त्यांच्या आवाजात आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथलं कॅनव्ही आयलंड. सपाट, चिखलाचं, भरतीच्या रेषेखाली वसलेलं बेट. भोवती समुद्राला अडवणारी भिंत, म्हणजे रस्त्यावर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही, फक्त भिंतीवरून सरकणारे जहाजांचे वरचे मजले दिसतात. १९५३ मध्ये ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी भिंती फोडून आत शिरलं. बेटावर ५८ माणसं गेली आणि सुमारे १३ हजार लोकांना घरदार सोडून बाहेर पडावं लागलं. विल्को तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याचं घर याच बेटावर होतं. पुढे भिंती उंच झाल्या, तेलाच्या टाक्या वाढल्या, शेजारच्या किनाऱ्यावर रिफायनऱ्यांच्या चिमण्या रात्रंदिवस पेटत्या राहिल्या. आपल्या या चिखलाला ते 'थेम्स डेल्टा' म्हणू लागले. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या डेल्टातून ब्लूज आलं, मग आमच्या डेल्टातून का येऊ नये? थट्टेत म्हटलं असेल, पण गाणी ऐकताना ते थट्टेचं राहत नाही. 'ऑल थ्रू द सिटी' या गाण्यात पहाटे जळणारे मनोरे आहेत, भेटीसाठी ठरवलेला धक्का आहे. अमेरिकेतल्या रेल्वेगाड्या आणि हमरस्ते उसने घेऊन गाणी लिहिणारे इंग्रज त्या काळात पोत्यानं होते. विल्कोनं खिडकीतून दिसणारी आग गाण्यात घातली. एलपीच्या मुखपृष्ठावरही तेच: काळा-पांढरा फोटो, किनाऱ्यावरचा वारा, आणि त्या वाऱ्यानं डोळे बारीक झालेले चार चेहरे. फोटोसाठी चेहऱ्यावर काही आणावं, असं एकालाही वाटलेलं दिसत नाही.

तो गाणी लिहिणारा माणूसही साधा नव्हता. न्यूकॅसलच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला, जुन्या आइसलँडिक वीरकथांत रमणारा, पदवी झाल्यावर जमिनीच्या वाटेनं भारतापर्यंत भटकून आलेला आणि परत जाऊन शाळेत इंग्रजी शिकवणारा. एवढं वाचलेल्या माणसाची गाणी किती मोजक्या शब्दांत आहेत! 'रॉक्सेट' घ्या. पोरगी दुसऱ्याबरोबर दिसली, मी पाहिलं, आता मला फसवू नकोस, एवढाच मजकूर. उपमा नाही, तत्त्वज्ञान नाही. वाचन दाखवायचा मोह त्यानं गाण्याच्या दाराबाहेर ठेवला. तरीही ज्याला शब्दांचं वजन कळतं त्याचीच ती गाणी आहेत, हे दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात लक्षात येतं. एकही ओळ पोकळ भरतीची नाही आणि प्रत्येक शब्द ठोक्यावर पडतो.

आणि ते शब्द म्हणणारा ली ब्रिलो. त्याच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो, कारण त्याच्या वाट्याला विल्कोच्या निम्मंही कौतुक आलं नाही. डर्बनला जन्मलेला, लहानपणी इंग्लंडात आलेला, वकिलाच्या ऑफिसात कारकुनी केलेला हा माणूस मंचावर आला की आता मारामारी होणार, असं वाटायचं. पांढरा सूट, तोही दौऱ्यागणिक मळत गेलेला, घामानं आणि सांडलेल्या दारूनं रंग बदललेला. आवाज गोड नाही, खरबरीत. घसा खरवडून काढलेला. गाताना तो एक हात हवेत खुपसत राहायचा, आणि हातातला माउथ ऑर्गन तोंडाला लावला की त्यातून सूर कमी आणि धाप जास्त बाहेर यायची. शेजारी विल्को काळ्या सुटात, डोळे विस्फारून, गिटार बंदुकीसारखी रोखून, रुळांवरून ढकलल्यासारखा पुढे-मागे सरकतोय. एक जागचा न हलणारा, एक जागेवर न थांबणारा. एकमेकांकडे ते क्वचितच बघतात. पण लीनं ओळ संपवली की पुढच्या अर्ध्या ठोक्यात विल्कोची तान तिथं असते, आणि ती संपायच्या आत ली पुढच्या ओळीवर. ही जुगलबंदी नाही. जुगलबंदीत एकमेकांना दाद द्यायला तरी उसंत असते. हे दोघे एकाच वाक्याचे दोन अर्धे भाग बोलतात.

या बँडकडे मी आलो तो उलट्या वाटेनं. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत जीभ कापलेला एक जल्लाद होता. एक शब्द न बोलता नुसता बघायचा, आणि ते बघणं असं, की पडद्यावर राजे-राण्या असूनही नजर त्याच्याकडे जायची. हा नट कोण म्हणून शोधायला गेलो तर कळलं की हा नटच नव्हे, गिटारवादक आहे. मग ते कुर्सालचं चित्रण सापडलं. काळ्या-पांढऱ्या, जरा धूसर चित्रात तीच नजर, चाळीसेक वर्षांनी तरुण, पहिल्या रांगेतल्या पोरांवर रोखलेली. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही. गाणं संपलं की पुन्हा मागे जायचं आणि त्याचा उजवा हात बघायचा. तोवर रॉक गिटार म्हटलं की माझ्या कानात लांबवलेले, कळवळणारे सूर असायचे. बोट तारेवर दाबून थरथरवलेला, छताला जाऊन भिडणारा सोलो. इथे सोलो जवळपास नाहीच, आणि असला तरी तो तालाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. एखाद्या वाद्याबद्दलची आपली समजूत एका दुपारी पालटावी, हे सुख आयुष्यात फार वेळा येत नाही.

'शी डझ इट राइट', 'रॉक्सेट', 'बॅक इन द नाइट', 'कीप इट आउट ऑफ साइट' ही गाणी ओळीनं लावली तर मित्राला वाटलं तसं वाटणं स्वाभाविक आहे. मीही त्याच्या त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला, आणि मला असं वाटू लागलंय की रॉकचं मोजमाप करायची आपली पट्टीच या बँडला लागू पडत नाही. आपण विचारतो, या बँडनं नवीन काय आणलं, पहिल्या एलपीपासून पाचव्यापर्यंत तो किती बदलला, कुठली वाद्यं घेतली, किती दूर गेला. दूर जाणाऱ्याला आपण मोठा म्हणतो. फीलगुडला दूर जायचंच नव्हतं. ओवीचा साचा शतकानुशतकं तोच आहे, म्हणून ओव्या सारख्या आहेत असं कुणी म्हणत नाही. साडेतीन चरणांत कुणी काय केलं ते आपण ऐकतो. बारा बारचं ब्लूजचं आवर्तन हाही तसाच साचा. 'रॉक्सेट'मध्ये माउथ ऑर्गन आणि गिटार एकच लहानशी सुरावट घोकत राहतात, जवळजवळ हट्टानं, आणि त्या घोकण्यातून संशयानं पछाडलेल्या माणसाची चाल उभी राहते. 'शी डझ इट राइट'मध्ये तोच हात, तीच गिटार, पण कॉर्ड अशा आदळतात की आनंदाशिवाय दुसरं काही सुचू नये. 'बॅक इन द नाइट'मध्ये गिटारची एक घसरण आहे, खालून वर सरपटत येणारी; तेवढ्यानं रात्री घरी परतणाऱ्या माणसाच्या पायांतला थकवा आणि हुरूप दोन्ही कानात उतरतात. सामान तेच आहे. त्यातून निघालेली माणसं वेगवेगळी आहेत.

लोकांना त्या काळी हे कळलं नव्हतं असंही नाही, आणि म्हणूनच मला आजची विस्मृती जास्त लागते. १९७६ मध्ये त्यांचा 'स्टुपिडिटी' हा लाइव्ह एलपी आला, शेफील्ड आणि साउथएंडच्या कार्यक्रमांतला, आणि ऑक्टोबरात तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तोवर त्यांचं एकही सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, यादीत गाजलेलं नव्हतं. म्हणजे रेडिओवरच्या एखाद्या गाण्यानं भुललेली गर्दी ही नव्हे. गावोगावच्या पबांत आणि हॉलांत घाम गाळून त्यांनी जमवलेली माणसं दुकानात गेली आणि ती रात्र विकत घेऊन आली. तो एलपी ऐकताना दोन गाण्यांच्या मधला कोलाहल मी कधी पुढे ढकलत नाही. त्यात टाळ्यांपेक्षा आरोळ्या जास्त आहेत, आणि पुढच्या गाण्याचे पहिले ठोके त्या आरोळ्यांना मध्येच कापत येतात.

आणि सहा-सात महिन्यांत सगळं फुटलं.

१९७७ मध्ये 'स्नीकिन सस्पिशन' या एलपीच्या रेकॉर्डिंगच्या वेळी विल्को बाहेर पडला. वाद एका गाण्यावरून झाला असं सांगतात. तो स्वतः सोडून गेला की बाकीच्यांनी त्याला काढलं, यावर दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत जुळलं नाही. वाचत गेलं की लक्षात येतं, गाणं हे निमित्त असावं. दौऱ्यावर बाकीचे तिघे रात्र बारमध्ये घालवणारे, विल्को दारू न पिणारा, पण वेगळ्या नशेवर जागा राहणारा, खोलीत एकटा बसून पुढच्या एलपीची गाणी लिहिण्याचं ओझं वाहणारा. मंचावर ज्यांच्या श्वासांची सांधेजोड इतकी पक्की, ते गाडीत बसल्यावर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. यात कुणाची चूक, हे ठरवायची मला इच्छा होत नाही. दोघांच्याही बाजूनं जीव तुटतो. विल्को गेल्यावर लीनं बँड ओढत नेला, गिपी मेयो नावाच्या उमद्या गिटारवादकाबरोबर. १९७९ मध्ये 'मिल्क अँड अल्कोहोल' नवव्या क्रमांकापर्यंत चढलं, सिंगल म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं यश. मला ते गाणं मनापासून आवडतं. पण त्यातली गिटार जागा भरते. ती फट, तो निमिष तिथं नाही, आणि ते गाणं कितीही जोरात लावलं तरी हे मला विसरता येत नाही.

इतिहासात त्यांच्या वाट्याला काय आलं? एक ओळ. 'हे पंकच्या आधी आले.' पंक म्हणजे १९७६-७७ च्या सुमारास उसळलेलं रागीट, ओबडधोबड रॉक. पुराव्यांची वाण नाही. द क्लॅश या पंक बँडच्या जो स्ट्रमरनं विल्कोला पाहिलं आणि त्याच्यासारखीच टेलिकास्टर गिटार हातात घेतली. द जॅमच्या पॉल वेलरनं विल्कोचं ऋण वारंवार सांगितलं. न्यूयॉर्कच्या ब्लाँडी बँडचा ड्रमर क्लेम बर्क लंडनहून 'डाउन बाय द जेटी' घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या मित्रमंडळींत तो एलपी वाजत राहिला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला फीलगुड वाजवायला गेले, तेव्हा त्यांच्या आधी मंचावर येणारा बँड तिथलाच पंक बँड रमोन्स होता. आणि स्टिफ रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली ती ली ब्रिलोनं दिलेल्या ४०० पौंडांच्या उसनवारीवर. तिनंच त्या वर्षी ब्रिटनमधलं पहिलं पंक सिंगल म्हणून ओळखलं जाणारं 'न्यू रोझ' काढलं. हे सगळं खरं आहे, अभिमानाचं आहे, आणि तरी दर वेळी ती ओळ वाचली की मला चीड येते. कुणालाही पायरी म्हणून वाखाणणं हे त्याच्यावरून पुढे चालत जाण्यासारखं आहे. फीलगुडला कशाच्या तरी आधी यायचं नव्हतं. शनिवारच्या रात्री समोर उभ्या असलेल्या माणसांसाठी ते वाजवत होते. पंक जन्मालाच आलं नसतं तरी कुर्सालमधली ती रात्र तेवढीच मोठी राहिली असती. उलट पंकमध्ये जो राग आहे तो यांच्यात नाहीच. यांच्यात दडपण आहे, कडेपर्यंत भरलेलं आणि न सांडलेलं. धमकी आहे पण घाव नाही. ही चव पंकनं उचलली नाही, आणि म्हणून ती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ली ब्रिलो ७ एप्रिल १९९४ ला कॅन्सरनं गेला. वय अवघं एकेचाळीस. त्या वर्षीच्या जानेवारीत, आजार बळावलेला असताना, त्यानं कॅनव्हीत बसून शेवटचे कार्यक्रम केले. त्यांचं रेकॉर्डिंग आहे. मी ते फार कमी वेळा लावतो. आवाजातला दम गेलाय, पण शब्द टाकायची वेळ तसूभर चुकत नाही. गवयाचा गळा थकतो तेव्हा त्याची लय उघडी पडते, आणि लीची लय किती पक्की होती हे मला त्या रेकॉर्डिंगनं शिकवलं. बँड त्याच्यामागे थांबला नाही. आजही डॉक्टर फीलगुड नावानं बँड वाजवतो. मूळच्या चौघांपैकी त्यात कुणीही नाही. नाव चालू राहावं ही लीची इच्छा होती म्हणतात. कधी वाटतं, छान आहे, गाणी जिवंत माणसांच्या हातात आहेत. कधी ते नाव वाचूनच पोटात कालवतं. या दोन्हींतलं एक निवडायला मला अजून जमलेलं नाही.

विल्कोची गोष्ट मात्र वेगळ्याच वळणानं गेली. २०१३ च्या जानेवारीत त्यानं जाहीर केलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, बरा होणारा नाही. केमोथेरपी त्यानं नाकारली आणि निरोपाचा दौरा काढला. निदान ऐकून इस्पितळाबाहेर पडताना झाडं, आकाश, सगळं एकदम लखलखीत दिसू लागलं आणि आपण विलक्षण जिवंत आहोत असं वाटलं, असं तो सांगायचा. शेवटचं काम म्हणून त्यानं द हू या रॉक बँडचा गायक रॉजर डाल्ट्री याच्याबरोबर आपली जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. २०१४ मध्ये तो अल्बम आला आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. 'स्टुपिडिटी'नंतर जवळपास चार दशकांनी त्याच गाण्यांना पुन्हा एवढी माणसं मिळाली, ती माणूस जाणार म्हणून. आणि मग माणूस गेला नाही. एका डॉक्टर चाहत्याला शंका आली की हा कॅन्सर नेहमीच्या जातीचा नसावा. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, सुमारे तीन किलोची गाठ निघाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विल्कोनं सांगितलं की आपण बरे झालो. तो पुढे २१ नोव्हेंबर २०२२ पर्यंत जगला, आणि शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत मंचावर वाजवत होता. डाल्ट्रीबरोबरचा तो अल्बम ऐकताना मला त्याचा उजवा हात ओळखू येतो. वेग जरा कमी, पण कॉर्ड तिथंच तुटते, आवाज तिथंच मरतो.

इतकं लिहून झाल्यावर जाणवतंय की मीही तेच केलं जे सगळे करतात: विल्को आणि ली. बाकीच्या दोघांवर कुणी परिच्छेद लिहीत नाही. बेसवर जॉन बी. स्पार्क्स, ड्रमवर जॉन मार्टिन, ज्याला सगळे बिग फिगर म्हणत. १९८२ पर्यंत दोघेही बँडमध्ये होते. विल्कोच्या काळातही आणि नंतरही. चित्रणात स्पार्क्स बघा. चेहरा निर्विकार, अंग ठराविक लयीत पुढे-मागे डुलतंय, मंचाच्या मधोमध चाललेल्या धुमाळीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात. बिग फिगर झांजा फारशा घुमू देत नाही; दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर ड्रमवर काठी पडते ती दार लावून घेतल्यासारखी. विल्को कॉर्ड मारून जी शांतता उघडी करतो ती ढासळत नाही, ती या दोघांमुळे. खालून कुणी धरून ठेवलेलं नसेल तर एवढी जागा सोडायची कुणाची हिंमत होणार? 'शी डझ इट राइट' पुन्हा लावा, गिटारकडे आणि लीकडे काही केल्या लक्ष देऊ नका, पहिल्या सुरापासून फक्त बेस धरा. तो कुठेही मिरवत नाही, तानेला उत्तर देत नाही, कडव्याच्या शेवटी एखादी लकेर टाकायचा मोहसुद्धा होत नाही त्याला. गाणं संपेपर्यंत तो सरळ चालत राहतो, आणि गिटार गप्प झाली की तिथं स्पार्क्स असतो.